अनफिट नेमका कोण?

कॅलिफोर्नियातल्या लॅथ्रोप गावी कीटकनाशकांचा एक कारखाना होता. १९७७ साली तिथल्या कामगारांच्या आपापसातल्या गप्पांतून एक विचित्र गोष्ट पुढे आली. एका खात्यात वर्षानुवर्षं काम करणाऱ्या धडधाकट पुरुषांना मूलच होत नव्हतं. एखाद्याचं तसं असतं तर त्याने नशिबाला बोल लावला असता, पण इथे सगळ्या खात्याची तीच रड. युनियनने लावून धरलं, वीर्यतपासणी झाली, आणि कित्येकांच्या वीर्यात शुक्राणू फारच कमी, काहींच्या तर शून्य निघाले. कारण होतं डीबीसीपी, जमिनीतले सूत्रकृमी मारणारं रसायन. या रसायनाने उंदरांची वृषणं आक्रसतात, हे १९६१ सालीच शास्त्रीय नियतकालिकात छापून आलं होतं. म्हणजे माहिती सोळा वर्षं उपलब्ध होती. कामगारांची ती तपासणी करावी, एवढंच कुणाच्या मनात आलं नव्हतं.

रासायनिक उद्योगातल्या ‘मेडिकल’चा घोळ इथेच आहे. महाड, लोटे, रोहा, तारापूर, कुरकुंभ अशा कुठल्याही केमिकल झोनमध्ये नोकरीला लागताना मेडिकल होतं. वजन, रक्तदाब, छातीचा एक्स-रे, रक्त-लघवी. शेवटी ‘फिट’चा शिक्का. शिक्का मिळाला की कामगार खूश आणि फाइल पूर्ण झाली म्हणून कंपनीही खूश. पण फिट कशासाठी?

या प्रश्नाची दोन उत्तरं आहेत आणि ती एकमेकांत मिसळली की गडबड होते. पहिलं उत्तर सोपं. ज्याला फेफरं येतं त्याला उंच टाकीच्या शिडीवर चढवू नये. ज्याला उंचीवर गरगरतं त्यालाही नाही. पाइपलाइनमधून काय वाहतंय हे रंगाच्या पट्ट्यांवरून ओळखायचं असतं, त्यामुळे रंगांधळेपणा तपासावा लागतो. दम्याच्या माणसाला आयसोसायनेटजवळ उभं करणं धोक्याचं. मास्क चेहऱ्याला घट्ट बसतो का, हेही पाहतात. दाढी असेल तर कडेने हवा आत शिरते आणि महागडा मास्कही कुचकामी ठरतो. ही झाली माणूस आणि काम यांची जोडी जुळवण्याची तपासणी. तिच्याबद्दल फारसा वाद नाही.

खरी गंमत दुसऱ्या प्रकारात आहे. तिथे कामगाराच्या रक्त-लघवीवरून तपासायचा असतो तो कारखाना. क्लोरपायरिफॉस, मोनोक्रोटोफॉस यांसारखी ऑर्गॅनोफॉस्फरस कीटकनाशकं घ्या. ती कोलिनएस्टरेज नावाच्या विकराला निकामी करतात आणि मग मज्जातंतूंचे संदेश थांबता थांबत नाहीत. लाळ, घाम, अंधुक दिसणं, शेवटी श्वास अडकणं. पण ही लक्षणं दिसण्याच्या बऱ्याच आधी रक्तातली या विकराची पातळी घसरायला लागते. अडचण अशी, की ही पातळी माणसागणिक खूप वेगळी असते. त्यामुळे औषधाला हात लावण्याआधीचा प्रत्येकाचा स्वतःचा आकडा हवा, नाहीतर नंतरच्या आकड्याला अर्थच उरत नाही. कॅलिफोर्नियात शेतीच्या औषधांशी काम करणाऱ्यांसाठी ही पद्धत १९७४ पासून आहे. पातळी मूळच्या ८० टक्क्यांखाली गेली की कामाची पद्धत तपासायची; लाल पेशींतली पातळी ७० टक्क्यांपर्यंत उतरली की माणसाला त्या कामावरून हलवायचं आणि ती परत ८० च्या वर आल्याशिवाय पाठवायचं नाही. यातला पहिला टप्पा महत्त्वाचा, कारण त्यात कामगाराला कुणी हात लावत नाही. गळका पंप, उघडं झाकण, बंद पडलेला एक्झॉस्ट शोधला जातो. (२०१७ साली यवतमाळात फवारणी करताना विषबाधेने माणसं दगावली. कारखान्याबाहेर हेच विष अंगावर घेणाऱ्या शेतमजुराचं रक्त कोण तपासणार, हा प्रश्न त्यानंतरही तसाच आहे.)

भारतात कायदा नाही असं नाही. भोपाळच्या वायुदुर्घटनेनंतर, १९८७ साली, कारखाने अधिनियमात एक नवं प्रकरण घालण्यात आलं. त्यातल्या कलम ४१-सीने सांगितलं, की घातक पदार्थाशी संबंध येणाऱ्या प्रत्येक कामगाराची तपासणी कामाला लावण्यापूर्वी, काम चालू असताना आणि ते काम सोडल्यानंतरही, जास्तीत जास्त बारा महिन्यांच्या अंतराने व्हायला हवी. आरोग्याच्या नोंदी ठेवायच्या आणि त्या कामगाराला पाहता यायला हव्यात. २०२० च्या कामगार सुरक्षा व आरोग्य संहितेनेही वार्षिक तपासणीचा खर्च मालकावरच टाकला आहे.

‘काम सोडल्यानंतरही’ हे शब्द सहज वाचून सोडण्यासारखे नाहीत. १८९५ साली फ्रँकफर्टचे शल्यचिकित्सक लुडविग रेन यांनी रंगाच्या कारखान्यातल्या कामगारांमध्ये मूत्राशयाचा कर्करोग नोंदवला. पुढे बेंझिडीन आणि बीटा-नॅफ्थिलअमाइन ही त्यामागची मुख्य नावं निघाली. हा कर्करोग उगवायला वीस वीस वर्षं घेतो. तोवर माणूस निवृत्त होऊन गावी गेलेला असतो आणि लघवीतून रक्त गेलं तर गावच्या डॉक्टरला त्याच्या जुन्या नोकरीचा पत्ताही नसतो. कंत्राटी हेल्परची गोष्ट त्याहून अवघड. आज एका ठेकेदाराकडे ड्रायर साफ करणारा, सहा महिन्यांनी दुसऱ्याकडे पोती भरणारा. त्याची नोंद कुणाच्या रजिस्टरमध्ये सलग सापडणार? सगळ्यात घाणेरडं काम ज्याच्या वाट्याला, त्याचीच फाइल सगळ्यात पातळ.

आणि फाइल जाड असली तरी ती वापरायची कशी, यावर सगळं अवलंबून. वेस्ट व्हर्जिनियातल्या विलो आयलंड इथे अमेरिकन सायनामिड कंपनीने १९७८ साली ठरवलं, की शिशाच्या रंगद्रव्याच्या विभागात मूल होऊ शकेल अशा बाईला ठेवायचं नाही. शिसं गर्भाला घातक, हे खरंच आहे. पण कंपनीने शिसं कमी करण्याऐवजी बायका कमी करायचं ठरवलं. पगार टिकवण्यासाठी पाच जणींनी नसबंदी करून घेतली. त्याच काळात जी-६-पीडी या विकराच्या कमतरतेची चाचणी घेऊन माणसं निवडावीत का, यावरही वाद चालला होता. ही कमतरता असेल तर काही रसायनांनी तांबड्या पेशी फुटतात. मुंबईच्या पारशी समाजात ती बऱ्यापैकी आढळते. म्हणजे जन्माने मिळालेल्या एका जनुकावरून नोकरीचं दार बंद होण्याची भीती आपल्याकडेही काल्पनिक नाही.

शिशाच्याच बाबतीत अमेरिकेने १९७८ च्या नियमात एक शहाणपणाची तरतूद केली. रक्तातलं शिसं ठरावीक पातळीच्या वर गेलं तर कामगाराला दुसरीकडे हलवायचं, पण अठरा महिन्यांपर्यंत त्याचा पगार आणि ज्येष्ठता कमी करायची नाही. हे नसेल तर कामगार तपासणी टाळणार, त्रास लपवणार. ‘अनफिट’ म्हणजे घरी, हे ज्याला ठाऊक आहे तो डॉक्टरला खोकला कशाला सांगेल?

काही गोष्टी तर रक्तात दिसतच नाहीत. २००५ साली टेक्सस सिटीच्या तेलशुद्धीकरण कारखान्यात स्फोट होऊन १५ जण मेले. चौकशीत आढळलं, की तिथले ऑपरेटर २९ किंवा त्याहून जास्त दिवस सलग बारा तासांच्या पाळ्या करत होते. त्यांच्या मेडिकलवर बहुधा ‘फिट’च लिहिलं असणार.

अहवाल एकेकटे न वाचता शेजारी शेजारी ठेवले तर काय होतं, याचं उदाहरण केंटकीतल्या लुईव्हिलचं. तिथल्या पीव्हीसी कारखान्याचे डॉक्टर जॉन क्रीच यांच्या लक्षात आलं, की यकृताचा अँजिओसार्कोमा हा अतिशय दुर्मीळ कर्करोग एकाच कारखान्यातल्या तीन कामगारांना झाला आहे. जानेवारी १९७४ मध्ये कंपनीने ते जाहीर केलं. मग इतर देशांतल्या पीव्हीसी कारखान्यांनी जुनी कागदपत्रं उघडली आणि तिथेही तेच रोगी सापडले. अमेरिकेत कामाच्या जागी हवेत व्हिनाइल क्लोराइड, म्हणजे ज्यापासून पीव्हीसी बनतं तो वायू, किती चालेल, याची मर्यादा तोवर दहा लाख भागांत ५०० भाग होती. ती एकावर आणण्यात आली. धंदा बसेल, अशी ओरड उद्योगाने केली. मग रिअॅक्टरचे सांधे घट्ट झाले, आत उतरून हाताने खरवडण्याचं काम कमी झालं आणि पीव्हीसी बनतच राहिलं.