विश्लेषण : संगणकाला वेगळे साउंड कार्ड खरेच लागते का?

मुंबई-पुणे जुना महामार्ग आणि मुंबई-गोवा महामार्ग पळस्पे फाट्यावर एकमेकांपासून वेगळे होतात. फाट्याच्या आसपासच्या घरांत कंटेनर-ट्रेलरचा आवाज रात्रीही थांबत नाही. अशा घरात ऑनलाइन मुलाखत देताना, क्लास करताना किंवा रात्रपाळीचे काम करताना आवाज पूर्ण वाढवूनही समोरच्याचे बोलणे नीट कळत नाही आणि मग ‘साउंड कार्ड बदलून बघ’ असा सल्ला मिळतो. हा सल्ला कधी बरोबर असतो, कधी पैसे वाया घालवणारा. हे ओळखायचे कसे?

साउंड कार्ड नेमके काय करते?

संगणकात आवाज आकड्यांच्या रूपात असतो. सीडीच्या दर्जाच्या आवाजात दर सेकंदाला ४४,१०० नोंदी असतात. या आकड्यांचे विद्युत लहरींत रूपांतर करणे, त्या हेडफोनला पुरतील इतक्या वाढवणे आणि माइकचा आवाज पुन्हा आकड्यांत बदलणे, ही साउंड कार्डची तीन कामे. सिंगापूरच्या क्रिएटिव्ह कंपनीने १९८९ मध्ये ‘साउंड ब्लास्टर’ आणले, तेव्हा साध्या पीसीतून ‘बीप’पलीकडे फारसे काही ऐकू येत नसे. पुढे इंटेलच्या १९९७ आणि २००४ मधील मानकांमुळे हे काम मदरबोर्डवरच्या छोट्या चिपकडे गेले. आज बहुतेकांना ती चिप पुरते.

खरेदीआधी कोणती चाचणी करावी?

तोच हेडफोन मोबाइलला लावून ऐका. तिथेही खरखर असेल तर दोष हेडफोनचा किंवा वायरचा. डेस्कटॉप असेल तर पुढच्या जॅकऐवजी मागच्या हिरव्या जॅकला पिन लावा. पुढच्या जॅकची वायर कॅबिनेटमधून फिरत येते आणि वाटेतला विद्युत गोंगाट उचलते. लॅपटॉप असेल तर चार्जर काढून बघा. गुणगुण थांबली तर कार्डाआधी चार्जर आणि घराचे अर्थिंग तपासायला हवे. माउस हलवला की किंवा पान सरकवले की चिरचिर येत असेल, तर मात्र बाहेरून लावायचे यूएसबी कार्ड उपयोगी पडते. जॅक तुटला असेल, तर साधे यूएसबी अडॅप्टरही चालते.

हेडफोनसाठी काय बघायचे?

खोक्यावरचा ‘ओहम’चा आकडा बघा. रोजच्या वापरातले हेडफोन साधारण ३२ ओहमचे असतात. ते कशावरही वाजतात. सेनहायझर एचडी ६०० सारखा ३०० ओहमचा हेडफोन मात्र साध्या जॅकवर दबका वाजू शकतो. त्यासाठी अँप्लिफायर असलेले कार्ड हवे. कार्डचा स्वतःचा आउटपुट इम्पीडन्स हेडफोनच्या एक अष्टमांशाहून जास्त नसावा, असा ढोबळ नियम आहे. म्हणजे ३२ ओहमच्या हेडफोनला ४ ओहम किंवा त्याहून कमी. ‘१९२ किलोहर्ट्झ’च्या जाहिरातीसाठी जादा पैसे मोजू नका. माणसाचा कान फार तर २० किलोहर्ट्झपर्यंत ऐकतो आणि सीडीचा दर्जा तेवढ्याला पुरतो.

आणि स्पीकरसाठी?

वीजजोडणी असलेल्या स्पीकरमध्ये अँप्लिफायर आधीच असतो. त्यांना कार्डाचा लाइन-आउट पुरतो. ब्लूटूथ किंवा यूएसबी स्पीकर आणि यूएसबी हेडसेट आवाजाचे रूपांतर स्वतःच करतात. त्यांच्यासाठी घेतलेले कार्ड नुसते बसून राहील. स्पीकरमधून सतत ‘हम्म’ येत असेल, तर संगणक आणि स्पीकर एकाच एक्स्टेन्शन बोर्डवर लावून बघा. तरीही थांबले नाही, तर ऑडिओ वायरमध्ये ग्राउंड लूप आयसोलेटर बसवता येतो. गुणगुण घालवण्यासाठी प्लगची अर्थिंगची पिन कधीही काढू नका. शॉक लागून जिवावर बेतू शकते.

जोडल्यावर सेटिंग काय करायचे?

विंडोज १० आणि ११ मध्ये बहुतेक यूएसबी कार्डे वेगळ्या ड्रायव्हरशिवाय चालतात. सेटिंग्जमधील ‘सिस्टिम’मध्ये ‘साउंड’ उघडून आउटपुट म्हणून नवे कार्ड निवडा. एचडीएमआयने जोडलेला मॉनिटर अनेकदा आवाज स्वतःकडे ओढून घेतो. तो तिथेच बंद करता येतो. फॉरमॅट २४ बिट, ४८,००० हर्ट्झ ठेवा आणि ‘ऑडिओ एन्हान्समेंट्स’ बंद करा. मोबाइलच्या हेडसेटच्या पिनवर तीन काळ्या रेघा असतात. कार्डावर हेडफोन आणि माइकची भोके वेगळी असतील, तर स्प्लिटर लागेल. नाहीतर माइक चालणार नाही. मीटिंगच्या अ‍ॅपमध्ये माइक आणि स्पीकर पुन्हा स्वतंत्रपणे निवडावे लागतात, हे मुलाखतीच्या आदल्या दिवशीच तपासा.

मग ट्रेलरच्या आवाजाचे काय?

तो कोणतेही साउंड कार्ड घालवत नाही. जास्त ताकदीचे कार्ड फक्त आपला आवाज रस्त्याच्या वर चढवते आणि किंमत कान मोजतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते प्रौढांसाठी ८० डेसिबलचा आवाज आठवड्याला ४० तासांपर्यंत सुरक्षित आहे. पुढे दर ३ डेसिबलला ही वेळ निम्मी होते. ९० डेसिबलला आठवड्याला जेमतेम ४ तास उरतात. रोज हेडफोन लावून काम करणाऱ्याचे ते तास एका दिवसात संपतात.

म्हणून रस्त्यालगतच्या घरात पहिला खर्च कान पूर्ण झाकणाऱ्या, मागून बंद असलेल्या हेडफोनवर करावा. एचडी ६०० सारखे मागून उघडे असलेले महागडे हेडफोन इथे कामाचे नाहीत. नॉइज कॅन्सलेशन इंजिनाची एकसुरी घरघर चांगली कमी करते, हॉर्न मात्र तितका नाही. आपल्याकडचा गोंगाट पलीकडे जाऊ नये यासाठी माइक तोंडाजवळ हवा. एवढे करूनही खरखर उरली, तर कार्डाचा विचार करा.