आईचे रक्त का कमी झाले?

दिवाळीच्या सुट्टीनंतर एक दिवस माझी आई हापशावरून पाणी आणताना वाटेतच मटकन खाली बसली. घागर फुटली नाही, पण पाणी सगळे सांडले. आजी म्हणाली, "ऊन लागलं असंल, घोटभर चहा घे." पण ऊन नव्हतेच, थंडीचे दिवस होते. चार पावले चालले तरी आईला धाप लागायची आणि छातीत धडधडायचे. मी फार घाबरले.

दुसऱ्या दिवशी आम्ही दवाखान्यात गेलो. सिस्टरनी आईच्या डोळ्याची खालची पापणी ओढून पाहिली. आत लाल दिसायला पाहिजे, ती पांढुरकी होती. मग बोटाला सुई टोचून रक्त तपासले. हिमोग्लोबिन ८.२ निघाले. बाईमाणसाला ते निदान १२ लागते. सिस्टर म्हणाल्या, "ताई, अंगात रक्त कमी आहे." मला वाटले, आईचे रक्त कुठे सांडले की काय! पण तसे नसते. या आजाराला रक्तक्षय किंवा अॅनिमिया म्हणतात.

आपल्या रक्तात तांबड्या पेशी असतात. त्यांत हिमोग्लोबिन असते. आपण श्वास घेतो, त्यातला प्राणवायू ते सगळ्या अंगाला पोचवते. म्हणजे पाणी भरणाऱ्या बायांसारखे. बाया कमी आणि घरे तेवढीच, तर त्यांना पळत खेपा कराव्या लागतील. म्हणून आईची छाती धडधडत होती. हिमोग्लोबिन तयार व्हायला लोह लागते. लोह म्हणजे लोखंडच! मला आधी खरेच वाटेना.

आईचे लोह कमी का झाले? आई सगळ्यांचे जेवण झाल्यावर जेवते. भाजी संपलेली असली तर चटणी-भाकरी खाते आणि वर चहा पिते. जेवताना चहा घेतला की अन्नातले लोह अंगाला नीट लागत नाही. शिवाय ती रानात अनवाणी जाते. ओल्या मातीतले बारीक जंत पायाच्या कातडीतून आत शिरतात आणि आतड्यात राहून रक्त पितात. म्हणून डॉक्टरांनी जंताची गोळी पण दिली. सिस्टरनी आईला बाजूला नेऊन आणखी काही विचारले, ते मला सांगितले नाही.

सगळ्यांचे रक्त लोहानेच कमी होते असे नाही. सिकलसेल हा आजार जन्मापासून असतो, त्याचे औषध वेगळे. म्हणून आधी तपासायचे. दुसऱ्याच्या गोळ्या मनाने खायच्या नाहीत.

आईला लोहाच्या तांबड्या गोळ्या मिळाल्या. महिन्याने परत तपासले तर ८.३! सिस्टरनी विचारले, "गोळ्या घेता ना?" आई म्हणाली, "व्हय, घेते की." पण घरी मिठाच्या बरणीमागे मला गोळ्यांची पाकिटे सापडली, बरीच भरलेली. आई म्हणाली, "गप गं, कुणाला सांगू नको. मळमळतं, आन् परसाकडला काळं होतं. भ्या वाटतं." मी दुसऱ्या दिवशी सिस्टरना सांगितलेच. त्या आईला रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "काळे होणारच, लोहाने होते, त्यात भ्यायचे काही नाही. उपाशीपोटी मळमळते, म्हणून जेवणानंतर घ्या. पण चहाबरोबर नको, तासभर तरी मध्ये जाऊ द्या."

खरे सांगते, मी पण एकदा तसेच केले होते. शाळेत आठवड्यातून एकदा गुलाबी गोळी मिळते, ती मी दप्तरात लपवली होती. त्यामुळे आईला काय बोलणार?

मग आजीने माळ्यावरची जुनी लोखंडी कढई काढली. लोखंडी कढईत भाजी शिजवली की थोडे लोह भाजीत उतरते. आता आम्ही मेथी, शेवग्याचा पाला, कुळीथ, बाजरी खातो आणि वर लिंबू पिळतो. लिंबामुळे लोह अंगाला चांगले लागते. बीट लाल असते म्हणून रक्त वाढते असे मला वाटायचे. गुरुजी म्हणाले, रंगाचा आणि रक्ताचा संबंध नाही. पण रक्त एवढे कमी झाल्यावर नुसत्या भाजीने भागत नाही, गोळ्या लागतातच. गोळ्या आम्ही उंच फळीवर ठेवतो. धाकट्या भावाने गोड समजून खाल्ल्या तर त्याच्या जिवाला धोका आहे.

पुढच्या महिन्यात ९.४ झाले. परवा १०.५ भरले. आई आता घागर घेऊन न थांबता घरी येते. १२ झाल्यावरही आणखी तीन महिने गोळ्या घ्यायच्या आहेत, कारण अंगात लोहाचा साठा व्हायला पाहिजे. रोज रात्री जेवण झाले की मी गोळी आणि तांब्या घेऊन उभी राहते. आई म्हणते, "मोठी मास्तरीण झालीस का?" आणि गिळते. मग मी तिला तोंड उघडून दाखवायला सांगते.