जिप्सीचे आकडे काय सांगतात?

वाहनकर्जाच्या अर्जासोबत येणाऱ्या माहितीपत्रकात प्रथम नजर जाते ती अश्वशक्तीच्या आकड्याकडे. हाच निकष मारुती जिप्सीला लावला, तर तिच्याविषयीचे मत प्रतिकूलच होईल. १९८५ च्या डिसेंबरात ती बाजारात आली, तेव्हा तिचे इंजिन अवघे ९७० सी.सी.चे होते. १९९६ च्या ‘जिप्सी किंग’ला १२९८ सी.सी.चे इंजिन मिळाले आणि पुढे एमपीएफआय प्रणालीमुळे शक्ती ८० अश्वशक्तीपर्यंत गेली. एवढी शक्ती आज साध्या कौटुंबिक मोटारीतही असते. तरीही भारतीय सैन्याने हजारो जिप्सी खरेदी केल्या आणि लडाखपासून राजस्थानच्या वाळूपर्यंत वापरल्या. त्याचे कारण माहितीपत्रकाच्या खालच्या ओळींत दडलेले आहे.

पहिली ओळ वजनाची. कापडी छताच्या जिप्सी किंगचे वजन सुमारे ९८५ किलो आणि जमिनीपासूनची उंची २१० मि.मी. चिखलात जड वाहन रुतते. हलके वाहन पुष्कळदा वरच्यावर निघून जाते, आणि रुतलेच तर चार माणसांच्या रेट्याने सुटते.

दुसरी ओळ ट्रान्स्फर केसची. मुख्य गिअरपेटीला जोडलेल्या या दुसऱ्या पेटीत ‘लो’ गिअर टाकला की चाकांवरील पीळ दीडपटीहून अधिक वाढतो आणि वेग त्याच प्रमाणात घटतो. खारदुंग खिंडीसारख्या पाच हजार मीटरहून उंच जागी हवा विरळ होते आणि पेट्रोल इंजिनाची शक्ती निम्म्याच्या आसपास येते. तेथे ही तूट हाच गिअर भरून काढतो. तीव्र उतारावरही तो इंजिनाच्या बळावर वाहन धरून ठेवतो, त्यामुळे ब्रेक तापत नाहीत. पाट्यांचे निलंबन मात्र प्रवाशांची हाडे खिळखिळी करणारे आहे, हे मान्य करावे लागेल.

चारही चाकांना शक्ती मिळते, याचा अर्थ वाहन कोठेही अडणार नाही असा नव्हे. पुढच्या आसावरील एक आणि मागच्या आसावरील एक चाक अधांतरी झाले, की साधे डिफरन्शियल सारी शक्ती त्या फिरत्या चाकांतच घालवते. शिवाय जिप्सीत पुढचे व मागचे आस परस्परांशी घट्ट जोडले जातात. वळणावर पुढची चाके अधिक अंतर कापतात. मातीत ती थोडी घसरून हा फरक भरून काढतात, पण कोरड्या डांबरी रस्त्यावर तोच ताण दातेचक्रांवर येतो. नवख्या चालकांच्या हातून ट्रान्स्फर केस निकामी होते ती बहुधा अशीच.

ताडोबा, कान्हा, रणथंबोर येथे अनेक स्थानिक कुटुंबांचा चरितार्थ उघड्या जिप्सीवर चालतो. सहा पर्यटक, मार्गदर्शक आणि चालक अशी आठ माणसे सरासरी ६५ किलो धरली तरी ५२० किलो होतात. वाहनाची एकूण अनुज्ञेय मर्यादा सुमारे १५८५ किलो, म्हणजे उरतात जेमतेम ८० किलो. पायऱ्यांसारखी चढती आसने आणि जाड लोखंडी सांगाडा जोडला की ही शिल्लक संपते, आणि उंचावर बसवलेल्या भारामुळे वाहन कलंडण्याचा धोका वाढतो. त्यात एअरबॅग नाही.

नव्या सुरक्षा नियमांच्या पार्श्वभूमीवर २०१९ मध्ये नागरी ग्राहकांसाठी जिप्सीची विक्री थांबली. २०२३ मध्ये आलेल्या पाच दरवाजांच्या जिम्नीत १४६२ सी.सी.चे इंजिन व सहा एअरबॅग आहेत. पण आसने चारच, त्यामुळे सफारीचे गणित जुळत नाही. साहजिकच जुन्या जिप्सीला मागणी आहे. अशा खरेदीपूर्वी नोंदणी खाजगी आहे की व्यावसायिक, योग्यता प्रमाणपत्र कोणत्या तारखेपर्यंत आहे आणि वाढीव आसनांना परिवहन कार्यालयाची मान्यता आहे काय, हे पाहावे. चासीवर वेल्डिंगच्या खुणा असल्यास किंमत ठरवण्याआधी जाणकार मेकॅनिकचे मत घ्यावे. आणि ‘लो’ गिअर भुसभुशीत मातीवर टाकून, थोड्या चढावर पूर्ण भारासह वाहन चालवून पाहावे.