क्लिपलेस पेडल घेताय? आधी बूट उलटा करा!

तळाला तीन भोकं असतील तर शिमानोचं एसपीडी-एसएल किंवा लूकचं केओ. दोन असतील तर एसपीडी. शिमानोचा क्लीट, म्हणजे बुटाच्या तळाला लागून पेडलमध्ये अडकणारा तुकडा, केओमध्ये बसत नाही, हे ध्यानात ठेवा.

खरी काळजी गुडघ्यांची. एसपीडी-एसएलचा पिवळा क्लीट पायाला 6 अंश हलू देतो, निळा 2, लाल अजिबात नाही. नवख्यांनी डोळे झाकून पिवळा लावावा. केओमध्ये मात्र लालच सगळ्यात मोकळा, 9 अंशांचा, आणि काळा जखडलेला! तेव्हा रंगावर जाऊ नका.

पेडलची स्प्रिंग आधी ॲलन कीनं पार सैल करा. टाच बाहेर वळवली की पाय चटकन सुटला पाहिजे. महागड्या टायटॅनियमच्या नादी लागू नका, शिमानोचं 105 पेडल झकास चालतं. वाटेत टपरीवर चहा ठरलेलाच असेल, तर सरळ एसपीडी घ्या. त्याचा छोटा क्लीट बुटाच्या खाचेत लपतो, फरशीवर घसरायला होत नाही.