नाबोथाची जमीन

वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो 25 जुलै 2024 ला गेले. त्या दिवशी मोबाइलवर त्यांचे फोटो येत राहिले. फुलांची चौकट, मेणबत्ती आणि खाली ‘शांत, संयमी, मृदुभाषी धर्मगुरू’. मृदुभाषी ते होतेच. पण धमक्या येत असतानाही हजारो माणसांच्या पुढे रस्त्यावर चालणारे फादर त्या चौकटीत कुठेच नव्हते, आणि मला ते फार लागले. ज्या ग्रुपवर हे फोटो आले त्याच ग्रुपवर रोज पहाटे ‘आजचे चिंतन’ येते. अलिबाग, रेवदंडा, कोर्लई या पट्ट्यातल्या आम्हा अनेक कॅथलिक घरांचा दिवस आता त्यानेच उजाडतो. वर्षभर मी ही चिंतने मुद्दाम लक्ष देऊन वाचली. मनःशांती, क्षमा, कुटुंबातला जिव्हाळा, सगळे आहे. आम्ही जिथे राहतो ते गाव मात्र त्यांत नाही.

मराठी ख्रिस्ती लेखनाची परंपरा सांगायची तर 1616 च्या ख्रिस्तपुराणापासून सुरुवात करतात. मग 1842 मध्ये अहमदनगरला निघालेला ‘ज्ञानोदय’, बाबा पदमनजी, पंडिता रमाबाई, रेव्हरंड टिळक. ही नावे प्रत्येक कार्यक्रमात घेतली जातात, म्हणून मी इथे थांबत नाही. 1960 च्या दशकात दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर लॅटिन मागे पडून मिस्सा मराठीत आली आणि रोजची वाचने आमच्या आयांना प्रथमच नीट समजू लागली. त्यानंतरची कितीतरी वर्षे प्रवचनांत गेली. ती प्रवचने मी ऐकली आहेत. त्यांतले आज एकही आठवत नाही.

आठवते ते नव्वदीचे दशक. फादर दिब्रिटो 1983 मध्ये वसईच्या ‘सुवार्ता’ मासिकाचे संपादक झाले. तेव्हा वसई आणि आमचा रायगड एकाच मुंबई महाधर्मप्रांतात होते. वसईचा धर्मप्रांत वेगळा झाला तो 1998 मध्ये. टपालाने येणारा ‘सुवार्ता’चा अंक आमच्याकडे तीन-चार घरांत फिरायचा आणि परत येईपर्यंत त्याची पाने सुटलेली असायची. चर्चच्या मासिकात ख्रिस्ती नसलेले मराठी लेखकही लिहितात, संतांच्या ओवीवर आणि शुभवर्तमानावर एकाच अंकात मजकूर येतो, हे आम्हाला नवे होते. पण त्याहून नवा होता तो पाण्याचा प्रश्न.

ऐंशीचे दशक सरताना वसईची हिरवी जमीन बांधकामाला खुली करण्याचे धोरण आले. केळी, पानवेली, फुले पिकवणाऱ्या वाड्यांच्या विहिरी टँकरवाले उपसू लागले. मुंबईच्या वाढीला घरे हवी होती, घरांना पाणी हवे होते आणि ते शेतकऱ्याच्या विहिरीतून निघत होते. गोडे पाणी उपसले की किनाऱ्यावर खारे पाणी आत सरकते. वाडी आधी पिवळी पडते, मग विकाऊ होते. फादर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हरित वसई संरक्षण समिती उभी केली. त्यात हिंदू होते, मुसलमान होते, ख्रिस्ती होते आणि बायका मोठ्या संख्येने होत्या. समोर पैसा होता, गुंडगिरी होती. अशा वेळी धर्मगुरूने काय करायचे, याला फादरांचे उत्तर सरळ होते. सकाळी वेदीपाशी जे वाचले, ते दुपारी मोर्च्यात घेऊन जायचे.

आमच्याकडे तेव्हा काय बोलले जात होते तेही लिहून ठेवते. ‘फादरांनी देवळात राहावे, राजकारण करू नये’ असे म्हणणारी माणसे माझ्या ओळखीची होती, चर्चच्या कामात पुढे असणारी होती. यथावकाश त्यांतल्या काहींनी आपल्या जमिनी विकल्या आणि काहींनी दुसऱ्यांच्या विकून दिल्या. 2015 मध्ये पोप फ्रान्सिस यांनी ‘लाउदातो सी’ हे परिपत्रक काढून पृथ्वीची काळजी हा श्रद्धेचा भाग ठरवला, तेव्हा हीच मंडळी त्यावर व्याख्याने ठेवायला धावली. वसईने ते रोमच्या पाव शतक आधी जगून दाखवले होते, हे एकाही व्याख्यानात कुणी म्हणाले नाही.

पुढचे भराभर सांगते. 2007 मध्ये फादरांनी संपादकपद सोडले. 2009 मध्ये वसई-विरार महानगरपालिका झाली, गावे वगळण्यासाठी पुन्हा लढा झाला. त्यांनी ‘सुबोध बायबल’ हे मोठे काम पुरे केले. उस्मानाबादच्या साहित्य संमेलनासाठी त्यांची निवड झाली तेव्हा ‘धर्मगुरू कशाला?’ म्हणून विरोध झाला. अलिबागच्या एका साहित्यिक बैठकीतही मी तो ऐकला. विरोध करणाऱ्यांपैकी कुणी त्यांचे एक पुस्तक तरी वाचले होते का, असे मी विचारले. उत्तर आले नाही. जानेवारी 2020 मध्ये पाठीच्या असह्य दुखण्यात ते तिथे गेले आणि अध्यक्ष म्हणून बोलले.

वसईवर जे आले ते मग आमच्याकडेही येऊ लागले. त्याच वर्षीच्या मार्चमध्ये मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला रो-रो बोट सुरू झाली. मोटार घेऊन तासाभरात मांडवा. 2024 च्या जानेवारीत अटल सेतू खुला झाला. आता विरार-अलिबाग मार्गिका येते आहे, म्हणजे ज्या वसईकडून आम्ही शिकायला हवे होते तिलाच आम्ही रस्त्याने जोडले जाणार. अलिबाग तालुक्यातल्या कार्ले, खंडाळे गावांच्या पांढऱ्या कांद्याला 2022 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, आणि तालुक्याच्या शेतांत भिंती, फार्महाऊस आणि पोहण्याचे तलाव उठत आहेत. उन्हाळ्यात गावाचा नळ दिवसाआड येतो आणि तलाव भरलेले असतात. हा तोच तालुका आहे जिथे चरीच्या शेतकऱ्यांनी नारायण नागू पाटलांबरोबर 1933 पासून सहा वर्षे खोतांविरुद्ध संप केला, उपाशी राहिले, पण शेतात उतरले नाहीत.

आता माझी खरी तक्रार. सामान्य काळात रोजच्या मिस्साची पहिली वाचने दोन वर्षांच्या फेऱ्याने येतात. 17 जून 2024 ला, फादर जाण्याच्या पाच आठवडे आधी, नाबोथाची कथा होती. अहाब राजाला वाड्यालगतचा नाबोथाचा द्राक्षमळा हवा असतो. बदल्यात दुसरा मळा किंवा पैसे देऊ करतो. नाबोथ म्हणतो, वाडवडिलांची जमीन देणार नाही. मग राणी ईजबेल खोटे साक्षीदार उभे करते, नाबोथाला दगडांनी मारतात आणि राजा मळ्याचा ताबा घ्यायला उतरतो. खोटी साक्ष, कागदावर राजाचा शिक्का, गावचे प्रतिष्ठित गप्प. सातबाऱ्यावर नाव बदललेले पाहून तलाठी कार्यालयाच्या पायरीवर बसलेल्या माणसाला ही कथा समजावून सांगावी लागत नाही. त्या सकाळचे आमचे चिंतन मात्र शुभवर्तमानावर होते. दुसरा गाल पुढे करावा, राग धरू नये, मन शांत ठेवावे. नाबोथाचे नावसुद्धा नव्हते.

क्षमेची शिकवण खोटी आहे असे मी म्हणत नाही. ती माझ्या श्रद्धेच्या मुळाशी आहे. पण ज्याचा मळा गेला त्याला फक्त गाल पुढे करायला सांगायचे आणि ज्याने घेतला त्याच्याकडे एलीया संदेष्टा पाठवायचाच नाही, हे बायबलचे अर्धेच वाचन आहे. बायबलात एलीया जातो. मळ्यातच राजाला गाठतो आणि तोंडावर जाब विचारतो. हा भाग मिस्सात दुसऱ्या दिवशी वाचला जातो. त्या दिवशीचे चिंतन शत्रूवर प्रेम करण्याबद्दल होते.

नाबोथाची कथा दर दोन वर्षांनी पुन्हा येते. ती येईल त्या सकाळी कोर्लईत, रेवदंड्यात, अलिबागेत जो कुणी चिंतन लिहील किंवा बोलेल त्याला माझी विनंती आहे. आदल्या आठवड्यात आपल्या धर्मग्रामातल्या चार शेतकऱ्यांकडे जा, कुणाच्या जमिनीला कोण गिऱ्हाईक आले आहे, कुणाच्या विहिरीचे पाणी मचूळ झाले आहे ते विचारा, आणि त्यांना चालत असेल तर गावाचे नाव घेऊन ते वेदीपाशी सांगा.