मूठ : हाताची आणि पिस्तुलाची

मागच्या व्याख्यानात आपण ॲरिस्टॉटलपाशी थांबलो होतो. हात हे साधनांचं साधन आहे असं तो म्हणतो, इथपर्यंत आलो होतो. त्यावर एका श्रोत्यांनी प्रश्न पाठवला की साधन हाताला जमत नसेल तर दोष कुणाचा मानायचा, हाताचा की साधनाचा? उत्तर लिहायला बसलो आणि लक्षात आलं की हे उत्तर मला दोन वर्षांपूर्वी माझ्याच घरात मिळालेलं आहे. आणि ते मिळण्याआधी मी अगदी ठामपणे चुकीचं उत्तर देऊन बसलो होतो. म्हणून आज पिस्तुलाच्या मुठीवर बोलणार आहे. दचकू नका. खेळातलं पिस्तूल, 10 मीटरवरच्या नेमबाजीचं, हवेच्या दाबावर चालणारं.

माझी नात तेव्हा चौदा वर्षांची होती. रेंजवर जायला लागली. पिस्तूल क्लबचं, म्हणजे पाच-सहा जणांत एक. सुरुवातीचे महिने बरे गेले, मग गाडी अडली. छरे सारखे डावीकडे खाली जायचे. शिकवणाऱ्यांचं म्हणणं पडलं की हिचं मन एकाग्र होत नाही. आता घरात आजोबा तत्त्वज्ञानाचा प्राध्यापक! मला काय, विषयच मिळाला. मी तिला अर्जुनाची गोष्ट सांगितली, झाड दिसत नाही, फांदी दिसत नाही, फक्त पक्ष्याचा डोळा दिसतो, ती. तिने पूर्ण ऐकून घेतलं आणि म्हणाली, "आजोबा, आम्हाला पक्ष्याचा डोळा बघायचाच नसतो."

आणि ते खरं आहे. पिस्तुलावर दोन साइट असतात. मागे एक खाच, पुढे एक उभं पातं. पातं खाचेत मधोमध, दोन्ही बाजूंना सारखी फट आणि वरची कड एका पातळीत, असं जुळवायचं. डोळ्याची नजर पुढच्या पात्यावर स्थिर ठेवायची. लक्ष्य धूसर दिसलं तरी चालतं, किंबहुना धूसरच दिसलं पाहिजे. हे असं का, त्याचा हिशेब करून बघा, मूठ इतकी महत्त्वाची का हेही त्यातूनच कळेल.

दोन साइटमधलं अंतर समजा 30 सेंटीमीटर आहे. साइट नीट जुळलेल्या आहेत, पण अख्खा हात 5 मिलिमीटर बाजूला सरकला. छरा किती सरकेल? तेवढाच, 5 मिलिमीटर. लक्ष्यावरचं दहा गुणांचं वर्तुळ 11.5 मिलिमीटर व्यासाचं असतं आणि छरा 4.5 मिलिमीटरचा. वर्तुळाला छरा नुसता शिवला तरी गुण मिळतात, म्हणजे दहा गुण शाबूत. आता दुसरी चूक घ्या. हात जागेवर आहे, पण मनगट किंचित वळलं आणि पुढचं पातं खाचेच्या मध्यापासून अर्धा मिलिमीटर हललं. अर्धाच. 30 सेंटीमीटरला अर्धा, तर 10 मीटरला किती? साधं त्रैराशिक आहे. जवळजवळ 17 मिलिमीटर. दहाचे आठ झाले.

म्हणजे हाताची थरथर आपण समजतो तेवढी वैरीण नाही. माझ्यासारख्या सत्तरी उलटलेल्या माणसाला हे ऐकून बरं वाटतं. वैरी आहे तो मनगटातला सूक्ष्म कोन. आणि हा कोन ठरवते कोण? मूठ.

आपल्या मराठीची एक गंमत बघा. बोटं मिटली की होते ती मूठ, आणि तलवारीला धरायची जागा तीही मूठच. शब्द एकच आहे, कारण दोन्हींनी एकमेकींत बसायचं असतं.

क्लबमध्ये एक निवृत्त सुभेदार यायचे, पिस्तुलांची किरकोळ दुरुस्ती करायचे. एकदा मी नातीला आणायला गेलो होतो, तेव्हा त्यांनी तिला माझ्यासमोरच बोलावलं. पिस्तूल रिकामं आहे हे दोनदा तपासलं. म्हणाले, "बेटा, लक्ष्यावर हात धर. आता डोळे मिट. दोन श्वास घे. हात सैल कर, पण पाडू नकोस. आता उघड." तिने डोळे उघडले, तर पुढचं पातं खाचेच्या पार एका कडेला. पुन्हा केलं, पुन्हा तसंच. पाच वेळा केलं, पाचही वेळा त्याच बाजूला. सुभेदार माझ्याकडे वळून म्हणाले, "सर, मन भरकटलं असतं तर दर वेळी वेगळीकडे गेलं असतं."

ॲरिस्टॉटल शिकवताना इतकं स्वच्छ अनुमान मला क्वचित करता आलं असेल. चूक सुटी सुटी विखुरलेली असते तेव्हा कारण एक नसतं. चूक सारखी एकाच दिशेला जाते तेव्हा तिला कारण असतं आणि ते शोधता येतं. छरे एका ठिकाणी घट्ट पडत असतील, पण मध्यापासून दूर, तर साइटचे स्क्रू फिरवून काम भागतं. पण छऱ्यांचा पुंजकाच एका दिशेला ओढल्यासारखा लांबट होत असेल तर मुठीकडे बघायचं.

मुठीत काय बघायचं? पहिली गोष्ट, पोहोच. अंगठा आणि तर्जनी यांच्यामधली जी खोबण आहे, ती पिस्तुलाच्या पाठीवर पक्की बसली पाहिजे आणि तर्जनीचं पहिलं पेर चापावर, म्हणजे ट्रिगरवर, आडवं पडलं पाहिजे. मग चाप सरळ मागे येतो. मूठ मोठी असली की बोट पुरत नाही. मग मूल नकळत काय करतं, तर पंजा मुठीभोवती फिरवून घेतं. त्याने बोट पोहोचतं, पण नळी आणि कोपरापासूनचा हात एका रेषेत राहत नाहीत. ती रेषा मग मनगट मुरडून जुळवावी लागते आणि मुरडलेलं मनगट चाप ओढण्याच्या क्षणी सुटतं. शिवाय बोटाचं नुसतं टोक चापावर असेल तर ते चापाला मागे ओढण्याऐवजी बाजूला ढकलतं. उजव्या हाताने मारणाऱ्याचा छरा डावीकडे का जातो, ते आता कळलं असेल.

आणि खाली का? कारण मधलं बोट, अनामिका आणि करंगळी ही मोठी एकजूट असलेली मंडळी. त्यांना मिटवणारा खोल स्नायू बराचसा सामाईक असतो. तर्जनी त्यातल्या त्यात स्वतंत्र. पण मूठ नीट भरत नसली की आपण सगळ्याच बोटांनी आवळतो आणि तर्जनी हलली की बाकीचीही आवळतात, गाय पिळल्यासारखी. नळीचं तोंड खाली जातं. चांगल्या मुठीत दाब पुढून मागे असतो, मधल्या बोटाचा आणि अनामिकेचा. करंगळी नुसती पाहुणी. अंगठा तर निव्वळ टेकलेला. एकलव्याचा अंगठा मागितला गेला तो धनुष्यासाठी, पिस्तुलाच्या बाबतीत द्रोणाचार्यांना दुसरं काहीतरी मागावं लागलं असतं.

मुठीचा तिरपेपणाही बघावा लागतो. याचं एक नावाजलेलं उदाहरण अमेरिकेच्या सैन्याचं. त्यांचं 1911 सालचं कोल्ट पिस्तूल पहिल्या महायुद्धात वापरलं गेलं. तक्रारी आल्या. झटकन रोखलं की नळी जरा खाली बघते आणि लहान हाताच्या शिपायाचं बोट चापाला पुरत नाही. 1920च्या दशकात सुधारणा झाल्या. मुठीच्या पाठीला खालच्या बाजूने फुगवटा दिला, म्हणजे तळहात खालून ढकलला जाऊन नळी वर येते. चाप आखूड केला आणि चापामागच्या लोखंडात दोन्ही बाजूंनी बोटासाठी खोलगट जागा कोरली. तिथे एकाही शिपायाला एकाग्रतेवर व्याख्यान ऐकावं लागलं नाही. गंमत म्हणजे पुढे अनेक नेमबाजांनी तो फुगवटा काढून सपाट पाठच पुन्हा बसवून घेतली. सगळ्यांना एकच मूठ बरोबर, असं काही नसतंच.

25 मीटरच्या प्रकारात हा तिरपेपणा अगदीच उघडा पडतो. आपल्या कोल्हापूरच्या राही सरनोबतने 2018च्या आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक मिळवलं, तो हा प्रकार. त्याच्या जलद टप्प्यात हात खाली तिरपा धरून उभं राहायचं, लक्ष्य 3 सेकंद खुलं होतं, तेवढ्यात हात उचलून एक गोळी, मग 7 सेकंद थांबायचं. 3 सेकंदांत साइट शोधत बसायला वेळ कुठला? हात वर येईल तेव्हा साइट आधीच जुळलेल्या हव्यात. त्या मूठ जुळवून आणते.

मग कुणी म्हणेल, मनगटाचाच त्रास आहे तर मनगट बांधूनच टाका ना. आपल्या पूर्वजांनी ते केलेलं आहे. दांडपट्टा बघा. आत आडवी दांडी धरायची आणि वरून लोखंडी खोबळा कोपराच्या दिशेने हाताला कवटाळतो. मनगट हलूच शकत नाही, सगळा फिरवा खांद्यातून आणि कोपरातून. खेळातल्या पिस्तुलाला नेमकी हीच मुभा नाही. मुठीने मनगटाला आधार द्यायचा नाही, मनगट मोकळं दिसलं पाहिजे, त्या हातात घड्याळ किंवा कडंसुद्धा चालत नाही. तळहाताखाली टेकणी चालते, पण तिने वर वळून हाताला मिठी मारायची नाही. नियम मला फार शहाणा वाटतो. साधन हाताला जुळू दे, पण हाताचं काम हातानेच करायचं.

इथे मला कारोली ताकाच हा हंगेरीचा नेमबाज आठवतो. 1938 मध्ये सैनिकी सरावात त्याच्या उजव्या हातात ग्रेनेड फुटला, आणि तोच त्याचा पिस्तुलाचा हात. तो डाव्या हाताने शिकला, 1948च्या लंडन ऑलिंपिकमध्ये 25 मीटरच्या जलद प्रकारात सुवर्णपदक मिळवलं, 1952 मध्ये हेलसिंकीत पुन्हा. ही गोष्ट इच्छाशक्तीची म्हणून सांगतात, मीही वर्गात तशीच सांगत आलो. इच्छाशक्ती होतीच, प्रश्नच नाही. पण आजची उजव्या हाताची कोरीव मूठ डाव्या हातात देऊन बघा. धरताच येत नाही. जगातली सगळी इच्छाशक्ती तिथे फुगवट्याला अडते.

तर सुभेदारांनी काय केलं ते सांगतो. क्लबची परवानगी काढली, एक जुनी अक्रोडाच्या लाकडाची मूठ घेतली. नातीच्या तळहाताला खडूची भुकटी लावली आणि मूठ धरायला लावली. जिथे खडू उमटला तिथे हात टेकतोय, जिथे नाही तिथे पोकळी. पाठीकडचं लाकूड कानशीने उतरवलं, बोटाच्या पोहोचीसाठी. तळव्याच्या पोकळीत सुतार वापरतात ती लांबी भरली, वाळू दिली, पॉलिश पेपर मारला. दोन शनिवार गेले. मग पुन्हा डोळे मिटून हात उचलायचा तोच प्रयोग. पातं खाचेत आलं. अगदी मधोमध नाही, पण खाचेत.

तिचे गुण रातोरात वाढले असं मी सांगणार नाही. नऊ येत होते, आठ येत होते, मधूनच सातही. पण ते आता चहूकडे पडत होते. सुभेदार म्हणाले, "आता एकाग्रतेचं शिकवा, सर." मी तिला काही शिकवलं नाही. तीन महिने ज्या गोष्टीसाठी ती स्वतःला दोष देत होती, त्यात माझाही आवाज होता. तेवढं मात्र तिच्याजवळ कबूल केलं. ती म्हणाली, "जाऊ दे हो आजोबा, तुम्ही निदान गोष्ट तरी सांगितलीत."

आता ती सोळाची आहे, हात वाढलाय. गेल्या आठवड्यात जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्र पसरून बसली होती आणि भरलेली लांबी कानशीने उतरवत होती. टेबलाचा कोपरा धरून ठेवायचं काम माझ्याकडे होतं.