बाहेर नेऊन आणलं, तरी घरात पुन्हा

ऑगस्टमध्ये ठाण्याच्या एका वाचक ताईंचा निरोप आला. त्यांची लॅब्राडॉर राणी नऊ वर्षांची आहे. पिल्लू असताना महिनाभरात शिकली आणि त्यानंतर घरात एकदाही शू केली नाही. लागली की दाराशी जाऊन बसायची, पट्ट्याकडे बघायची. आणि आता पंधरा दिवसांत दहा-बारा वेळा घरात. कधी सोफ्याच्या पायाशी, कधी देवघरासमोर. पावसात नीट करत नसेल म्हणून ताईंनी बाहेरची एक फेरी वाढवली, तरी तेच. सासूबाईंचं म्हणणं, घरात बाळ आल्यापासून तिच्याकडे दुर्लक्ष होतंय, ती सूड उगवते आहे. शेजाऱ्यांचा सल्ला, नाक त्यात घासा आणि एक फटका द्या, पुन्हा करायची नाही. ताईंनी शेवटी लिहिलं होतं, "बाहेर करून येते आणि पाच मिनिटांत घरात पुन्हा करते हो. शिकलेलं कुत्रं असं मुद्दाम विसरतं का?"

त्यातलं ते 'बाहेर करून येते आणि घरात पुन्हा' वाचलं आणि मी खुर्चीत सरळ बसलो. जवळजवळ हेच शब्द १८८९ साली स्ट्रासबर्गमध्ये एका प्रयोगशाळेतल्या नोकराने उच्चारले होते, आणि त्यातून वैद्यकशास्त्राचा एक मोठा दरवाजा उघडला होता.

स्ट्रासबर्ग तेव्हा जर्मनीत होतं. ओस्कार मिन्कोव्हस्की हा तिशीतला तरुण डॉक्टर तिथल्या बर्नहार्ड नाउनिन यांच्या हाताखाली काम करत होता. (ज्यांच्या अवकाश-काळाच्या गणितावर आइन्स्टाइन पुढे उभे राहिले, ते हेर्मान मिन्कोव्हस्की या ओस्कारचे धाकटे भाऊ. काय घर असेल!) एके दिवशी त्याची योसेफ फॉन मेरिंग या दुसऱ्या डॉक्टरांशी गाठ पडली. बोलणं निघालं चरबीच्या पचनावरून. स्वादुपिंड नसेल तर चरबी पचते का? मेरिंग म्हणाले, तपासणार कसं, स्वादुपिंड काढलं तर जनावर जगतच नाही. क्लोद बर्नारसारख्या शरीरक्रियाशास्त्राच्या दिग्गजाने तसं लिहून ठेवलं होतं. मिन्कोव्हस्कीचा हात शस्त्रक्रियेत तयार होता. तो म्हणाला, मला कुत्रा द्या, मी काढून दाखवतो. मेरिंगनी आपला एक कुत्रा दिला, त्याच दिवशी शस्त्रक्रिया झाली आणि कुत्रा जगला.

पुढच्याच दिवसांत मेरिंगना गाव सोडावं लागलं, सासरे न्यूमोनियाने आजारी होते. कुत्र्यासाठी योग्य पिंजरा मोकळा नव्हता, म्हणून त्याला प्रयोगशाळेतच बांधून ठेवलं. कुत्रा चांगला शिकवलेला होता, घाण करणारा नव्हता. तरी फरशीवर पुन्हा पुन्हा शू दिसू लागली. मिन्कोव्हस्की नोकरावर चिडला, 'तू याला वेळेवर बाहेर नेत नाहीस.' नोकराने सांगितलं, नेतो, पण हे जनावर विचित्र आहे, बाहेर करून आत आलं की लगेच पुन्हा करतं.

इथे मिन्कोव्हस्कीचं मोठेपण दिसतं. रागावलेला माणूस नोकराच्या उत्तरावर थांबला. वारंवार आणि भरपूर लघवी होत असेल तर साखर तपासायची, ही नाउनिन यांच्या विभागाची शिस्त होती. त्याने फरशीवरची थोडी लघवी उचलून तपासली. साखर निघाली, सुमारे १२ टक्के.

दुसरा कोणी असता तर तिथेच ओरडत बाहेर धावला असता. मिन्कोव्हस्कीच्या मनात पहिला संशय आला तो औषधाचा. कुत्रा मेरिंगचा, आणि मेरिंगनी तीन वर्षांपूर्वी शोधून काढलं होतं की फ्लोरिझिन दिलं की लघवीतून साखर जाते. या कुत्र्याच्या अंगात तेच उरलं असेल तर? म्हणून त्याने असे तीन कुत्रे घेतले ज्यांना काहीही दिलेलं नव्हतं आणि ज्यांच्या लघवीत साखर नव्हती, आणि त्यांची स्वादुपिंडं काढली. तिघांच्याही लघवीत साखर आली. मधुमेहाचं मूळ पोटातल्या या एका अवयवाशी बांधलेलं आहे, हे त्या तीन कुत्र्यांनी सिद्ध केलं.

या हकिगतीची एक रंगवलेली आवृत्ती सगळीकडे फिरते. तिच्यात त्या लघवीवर माश्या घोंघावतात आणि नोकराचं लक्ष माश्यांकडे जातं. मिन्कोव्हस्कीच्या स्वतःच्या आठवणीत माश्या नाहीत. लघवीला मुंग्या लागतात हे निरीक्षण आपल्याकडे चरकसंहितेइतकं जुनं आहे, आणि आजही आजी तेच सांगते, त्यामुळे ही आवृत्ती आपल्याला लगेच पटते. पण मला खरी हकीगत जास्त मोलाची वाटते. तिच्यात एक माणूस रोज कुत्र्याला फिरवतो, त्याच्याकडे नीट बघतो आणि साहेब रागावलेला असताना जे पाहिलं तेच सांगतो. टोरांटोत १९२१ साली बँटिंग आणि बेस्ट यांनी कुत्र्यांच्याच स्वादुपिंडातून इन्सुलिनचा अर्क काढला, १९२३ चं नोबेल बँटिंग आणि त्यांना प्रयोगशाळा देणारे मॅक्लिऑड यांना मिळालं. मिन्कोव्हस्कीचं नाव मधुमेहाच्या डॉक्टरांखेरीज फारसं कोणाला ठाऊक नाही, आणि त्या नोकराचं तर हकिगतीतही येत नाही. कुत्र्याचंही नाही.

साखरेमुळे लघवी का वाढते, हे कोणत्याही मराठी स्वयंपाकघरात दिसतं. मुरांब्यासाठी कैरीच्या फोडींना साखर लावून ठेवा, थोड्या वेळात पातेल्याच्या तळाशी पाणी सुटलेलं असतं. साखर पाणी ओढते. निरोगी मूत्रपिंड गाळलेल्या पाण्यातली सगळी साखर परत रक्तात घेतं. रक्तातली साखर एका उंबरठ्यापलीकडे गेली की त्याला ती सगळी परत घेणं जमत नाही, उरलेली साखर लघवीत राहते आणि मुरांब्यासारखं पाणी आपल्याबरोबर घेऊन जाते. शरीर कोरडं पडतं, म्हणून जनावर पाणी पितं. पितं म्हणून लघवी होते, असं आपल्याला वाटतं. खरा क्रम उलटा आहे, आणि म्हणूनच घाण टाळायला पाण्याचं भांडं उचलून ठेवणं फार धोक्याचं.

(ते फ्लोरिझिन सफरचंदाच्या झाडाच्या सालीतून १८३५ साली वेगळं केलेलं. मूत्रपिंडाला साखर परत घेऊ न देणं हे त्याचं काम. त्याच धाग्यावर रसायनशास्त्रज्ञांनी पुढे डापाग्लिफ्लोझिन बनवलं. आज आपल्या कितीतरी घरांत आजोबांच्या गोळ्यांच्या डब्यात ते असतं. मिन्कोव्हस्कीला ज्या औषधाचा संशय आला, त्याचंच हे नातवंड.)

आता सूड. न्यूयॉर्कच्या बर्नार्ड कॉलेजमधल्या अलेक्झांड्रा होरोविट्झ यांनी २००९ साली १४ कुत्र्यांवरचा एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. मालकाने कुत्र्याला सांगायचं, हा खाऊ खायचा नाही, आणि खोलीबाहेर जायचं. मागे कधी कुत्र्याने खाऊ खाल्लेला असे, कधी नसे, आणि परत येणाऱ्या मालकाला कधी खरं सांगितलं जाई, कधी खोटं. मान खाली, कान मागे, नजर चुकवणं, ज्याला आपण 'बघा कसा अपराधी चेहरा केलाय' म्हणतो, तो चेहरा गुन्ह्यावर अवलंबून नव्हता. तो मालकाच्या रागावण्यावर अवलंबून होता. ज्यांनी काहीच खाल्लं नव्हतं आणि तरी बोलणी खाल्ली, त्यांच्यात तो जास्त ठळक दिसला. तासापूर्वीच्या शूसाठी नाक घासलं तर कुत्र्याला एवढंच कळतं की माझं माणूस या जागेपाशी भयंकर होतं. पुढच्या वेळी ते पलंगाखाली जाऊन करतं.

शिकलेलं कुत्रं अचानक घरात करू लागलं की पहिला विचार शरीराचा, आणि शू कशी होते हे बघितलं तर शरीर बरंच सांगून जातं. थेंब थेंब, सारखी बसते, जोर करते, शेवटी लालसर, हे मूत्राशयाच्या जंतुसंसर्गाचं किंवा खड्याचं रूप. सुजलेल्या मूत्राशयाला दोन चमचे लघवीही भरल्यासारखी वाटते. मादीत संसर्ग जास्त, कारण मूत्रमार्ग आखूड. डाल्मेशियन जातीत तर यूरिक आम्लाच्या खड्यांचा दोष जनुकातच बसलेला आहे. नर कुत्रा पाय वर करून जोर करतो आहे आणि काहीच येत नाही, अशा वेळी सकाळची वाट बघू नका. खडा अडकलेला असू शकतो, त्याच रात्री डॉक्टर गाठा.

झोपेतून उठल्यावर अंथरूण ओलं आणि कुत्रीला पत्ताच नाही, हे वेगळं. नसबंदी झालेल्या मादीत काही काळाने मूत्रमार्गाची झडप सैल पडू शकते. त्यावर औषध आहे आणि बहुतेकींना ते चांगलं लागू पडतं. नसबंदी न झालेली मादी माजावर येऊन गेल्यावर महिना-दोन महिन्यांत खूप पाणी पिऊ लागली, मलूल झाली, तर गर्भाशयात पू झाल्याची शंका घ्यायची, त्यात जीव जातो. म्हातारं कुत्रं दाराच्या उघडणाऱ्या बाजूला न जाता बिजागरीच्या बाजूला उभं राहतं, रात्री घरभर फिरतं आणि दिवसा झोपतं. तिथे मेंदू थकतोय, दार कुठे होतं तेच त्याला आठवत नाही. आणि पावसाळ्यात आपल्याकडे लेप्टो हा आजार विसरून चालणार नाही. २६ जुलै २००५ च्या पुरानंतर मुंबईने तो पाहिला आहे. उंदरांच्या लघवीतून पाण्यात आलेले जंतू कुत्र्याच्या मूत्रपिंडात घर करतात आणि त्याच्या लघवीतून माणसापर्यंत येतात. म्हणून ताप असलेल्या, मलूल कुत्र्याची शू पुसताना हातमोजे घाला, आणि वर्षाची लस चुकवू नका.

हे सगळं तपासून झालं की मग मनाचं. नवा पाहुणा, नवं बाळ, दिवाळीतले फटाके, एकटं राहण्याची भीती, दुसऱ्या कुत्र्याच्या वासावर आपली खूण करणं. तीही खरी कारणं आहेत, पण त्यांचा नंबर नंतर. आणि जागा फिनेलने पुसली तर वास आपल्या नाकापुरता झाकला जातो, कुत्र्याच्या नाही. लघवीतली द्रव्यं तोडणारी विकरांची द्रावणं पाळीव प्राण्यांच्या दुकानात मिळतात, ती वापरावीत.

ताईंना मी तीन कामं सांगितली. पहिलं, सकाळी मापाने पाणी भरायचं, दिवसभर जेवढं घालाल ते लिहायचं, दुसऱ्या दिवशी त्याच वेळी उरलेलं वजा करायचं. किलोमागे दिवसाला १०० मिलिलिटरच्या वर गेलं तर ती तहान नेहमीची नाही. दुसरं, पहाटेची पहिली लघवी स्वच्छ पळीत धरून बाटलीत घालायची आणि डॉक्टरांकडे न्यायची. लांब दांड्याची पळी शेपटीखाली अलगद सरकवली की काम होतं, पहिल्या दिवशी कुत्रं दचकतं, दुसऱ्या दिवशी नाही. तिसरं काम मिन्कोव्हस्कीचं. राणीला गेल्या महिन्यात काय काय दिलं, ते आठवायचं.

दोन दिवसांनी फोन आला. राणीचं वजन २८ किलो, आणि ती दिवसाला चार लिटरच्या वर पाणी पीत होती. पळीतल्या लघवीत साखर नव्हती, संसर्गही नव्हता. लघवी जवळजवळ पाण्यासारखी पातळ होती. मी विचारलं, "आणि औषध?"

"काही नाही हो. म्हणजे खाजेच्या गोळ्या चालू आहेत, पण त्या जुन्याच."

पावसाळ्यात कानामागचे केस गेले, खाजवून खाजवून लाल झालं, म्हणून गेल्या वर्षीच्या चिठ्ठीवर मेडिकलमधून गोळ्या आणल्या होत्या. प्रेडनिसोलोन. तीन आठवडे, रोज दोनदा. हे स्टेरॉइड मूत्रपिंडाला मिळणारा 'पाणी परत घे' हा निरोप बोथट करतं. लघवी पातळ आणि भरपूर होते, कुत्रं तहानेने भांडं चाटून पुसून काढतं, आणि ज्या मूत्राशयाला आयुष्यभर चार फेऱ्या पुरल्या, ते दोन तासांत तुडुंब भरतं. राणी नियम विसरली नव्हती. दाराशी जाऊन बसतही होती, पण बाळाच्या गडबडीत तिकडे कोणाचं लक्ष नव्हतं. शरीर स्वतःच असं स्टेरॉइड जास्त बनवू लागलं तर कुशिंगचा आजार होतो, आणि त्यातही हेच दिसतं.

मी ताईंना एकच गोष्ट दोनदा बजावली, गोळी आज एकदम बंद करायची नाही. बाहेरून स्टेरॉइड मिळत असताना शरीर स्वतःचं बनवणं मंदावतं, अचानक हात काढून घेतला तर जनावर कोसळू शकतं. डॉक्टरांनी मात्रा उतरवत नेली आणि खाजेचं मूळ शोधलं, गोचिडी होत्या.

परवा ताईंचा फोटो आला. दाराशी बसलेली राणी, बाजूला तिचं स्टीलचं भांडं. आता रात्री भरलेलं पाणी सकाळी अर्धं उरतं, आणि ताई ते गॅलरीतल्या कढीपत्त्याला घालतात.